मिसळीचा कट आणि आपली वयं

पुणे,
रविवार रात्र

प्रिय बंड्या,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू जो आवाज लावलास, त्यावरून मला आधी वाटलं घरात काही वाईट झालं. निघालं काय, तर कोलेस्टेरॉल वाढलंय आणि डॉक्टरांनी मिसळ बंद केली! तुझं दुःख मला कळतं रे. रंकाळ्याला फेरी मारून आल्यावर "कट वाढा" म्हणत तीन-तीनदा वाटी पुढं करणारे आपण. माझा रिपोर्ट तुझ्या आधी दोन वर्षं आला, त्यामुळे या बाबतीत मी तुला सीनियर.

पहिला गाढवपणा मी केला तो तू करू नकोस. घरी आलो आणि तेल साफ बंद केलं. कट असा झाला की वरणात तिखट सांडल्यासारखा. पोरगा एक घास खाऊन म्हणाला, "बाबा, ही उसळ आहे." वर फरसाणाऐवजी ओट्स घातले होते. त्याचा लगदा कुणी खाल्ला ते विचारू नकोस.

मग एका रविवारी मी नेहमीच्या पद्धतीनं कट केला, पण मोजून. चौघांना अर्धी वाटी तेल, म्हणजे पंधराएक चहाचे चमचे. वर सुकं खोबरं, त्यात तर वजनाच्या निम्म्याहून जास्त चरबीच असते. म्हणजे तेल आपण दोनदा घालतो, एकदा बाटलीतून आणि एकदा खोबऱ्यातून, आणि दुसरं कुणाच्या खिजगणतीत नसतं. मटकी बिचारी निर्दोष आहे. मोड आलेलं कडधान्य खायला डॉक्टर स्वतःच सांगतात. भानगड तिच्या आजूबाजूच्या मंडळींची.

आता मी करतो ते असं. कांदा चिरून तेलात परतत बसत नाही. अख्खा कांदा आणि लसणाचा गड्डा गॅसवर जाळीत काळा होईस्तोवर भाजतो. खोबरं पूर्वीच्या निम्मं, तेही कोरडंच खरपूस भाजायचं. दाटपणा कमी पडतो म्हणून वाटणातच दोन डाव शिजलेली मटकी घालतो. कुणाला कळत नाही. मटकी शिजवलेलं पाणी ओतून देऊ नकोस, कट त्याच पाण्यात करायचा, अर्धी चव तिथंच असते. सगळ्यांना मिळून तेल तीन चमचे. दोन चमच्यांत वाटण परतायचं, लागलं तर पाण्याचा हबका मारायचा. तिसरा चमचा शेवटासाठी राखून ठेवायचा.

तो तिसरा चमचाच खरा खेळ. तेल तापवून गॅस बंद कर, अर्धा मिनिट थांब, मग त्यात बेडगीचं तिखट टाक. कडकडीत तेलात टाकलंस तर जळून काळं पडेल आणि घरभर ठसका. बेडगीचा लाल रंग तेलात उतरतो, पाण्यात नाही, म्हणून बिनतेलाचा कट आजाऱ्यासारखा दिसतो. ही फोडणी कटावर वरून सोडायची, ढवळायची नाही. तवंग पातळच असतो, पण तांबडा असतो, आणि आपल्या कोल्हापूरकरांचं निम्मं पोट डोळ्यांनी भरतं.

फरसाणाचं सांगतो. बहुतेक पाकिटांवर 100 ग्रॅममागे 30 ते 40 ग्रॅम फॅट लिहिलेलं असतं, आणि आपण मूठ-मूठ घालतो. मी घरी चुरमुऱ्यांचं भडंग करतो, एका चमच्या तेलात, लसूण आणि कढीपत्ता जरा सढळ. शेव वरून चिमूटभर, नावापुरती. भडंग लगेच मऊ पडतं, म्हणून ते वाटीत आधी घालायचं नाही. शेजारी ठेवायचं आणि घासागणिक घ्यायचं.

पावाच्या जागी ज्वारीची भाकरी. हसू नकोस. कटात भाकरी कुस्करून खाल्लीस की ब्रेडची आठवण येणार नाही असं मी म्हणत नाही. येते. पण चौथ्या-पाचव्या वेळेपासून कमी येते.

एक गोष्ट मला उशिरा कळली. कटात तिखटाबरोबर आपली कांदा-लसूण चटणी पडते, तिच्यात मीठ आधीच असतं, आणि आपण वर पुन्हा सवयीनं घालतो. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमच्या आत मीठ ठेवायला सांगते, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा, सगळ्या जेवणांचं मिळून! म्हणून मी कटात मीठ घालतच नाही, लिंबू जास्त पिळतो.

आणि हो, डॉक्टरांनी दिलेली गोळी मिसळीच्या भरवशावर सोडू नकोस. तुझं काही सांगता येत नाही म्हणून लिहितोय. त्यांना विचार, महिन्यातून दोनदा अशी मिसळ चालेल का. माझ्या डॉक्टरांनी चालेल म्हटलं, फक्त "मला पण बोलवा" म्हणाले.

पुढच्या रविवारी वहिनींना घेऊन इकडेच ये. त्यांना म्हणावं, उन्हाळ्यात केलेली चटणी उरली असेल तर अर्धा किलो बांधून आणा, पुण्यात तशी मिळत नाही. ब्रेड आणू नकोस. लपवूनही नको.

तुझा,
विज्या

ता. क. येणार असशील तर शुक्रवारी दुपारपर्यंत कळव. मटकी शुक्रवारी रात्री भिजत घालून शनिवारी सकाळी फडक्यात बांधली, तरच रविवारी बोटाच्या पेराएवढे मोड येतात.