शून्याची तारीख

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

सात महिने तुला पत्र नाही, आणि आज लिहितो आहे तेही ताईच्या एका वाक्यामुळे. माझी प्रकृती ठीक आहे. रक्तदाब आहे तिथेच आहे.

ताईने मॉर्फिन कमी करायला घेतले आहे. निर्णय तिचाच: सहा वर्षांत दुखणे गेले नाही, पदरी मात्र गुंगी, बद्धकोष्ठता आणि वाचलेले पान पुन्हा वाचण्याची वेळ आली, असे तिने डॉक्टरांना स्वच्छ सांगितले. दिवसाला 100 मिलिग्रॅम चालू होते. महिन्याला दहाने उतरायचे ठरले. मी उत्साहाने गोळ्या कापायला नवे ब्लेड आणले, तर डॉक्टर म्हणाल्या की या गोळ्या पोटात सावकाश विरघळणाऱ्या आहेत, कापल्या तर सगळे औषध एकदम अंगात उतरेल. म्हणून कमी मात्रेच्या वेगळ्या गोळ्या लिहून दिल्या. त्या ब्लेडने मी दाढी केली आणि गाल कापून घेतला. हास.

90 पर्यंत उतरणे सोपे गेले. 80 वर आल्यावर मात्र जांभयांमागून जांभया, नाकाला धार, पायांत अशी तगमग की अंगावर पांघरूण ठरेना, आणि पाठ पूर्वीपेक्षा जास्त ठणकू लागली. त्यातला बराचसा त्रास औषध कमी झाल्याचा आहे, तो बहुधा काही दिवसांत वा आठवड्यांत ओसरेल, तोवर याच मात्रेवर थांबा, त्याने काही बिघडत नाही, असे डॉक्टर म्हणाल्या. मला ते पटले नाही. मी कॅलेंडरवर शून्याची तारीख लाल शाईने लिहून ठेवली होती, रोज रात्री गोळ्या मोजत होतो, आणि ती कण्हली की ‘आता थोडेच राहिले’ म्हणत होतो. परवा मोजताना तिने मला पकडले. ओरडली नाही. कॅलेंडर पालथे टांगून म्हणाली, ‘गोळ्या मी कमी करते आहे, तू नाहीस. त्यालाही तू असेच छळले होतेस.’

‘त्याला’ म्हणजे तुला. तू ट्रॅमाडॉल, म्हणजे मॉर्फिनच्याच जातीचे ते दुखण्यावरचे औषध, एका दिवसात बंद केलेस तेव्हा मी शाबासकी देत पाठ थोपटली, तीही नेमकी दुखऱ्या बाजूची. आणि चौथ्या रात्री तू घामाने भिजून, अंगावर काटा आलेला, भिंतीला टेकून बसला होतास, तेव्हा त्याला मनाचा दुबळेपणा म्हणालो. नंतरचा तुझा अबोला बुद्धिबळातल्या त्या चालीवरून होता, अशी मी इतकी वर्षे स्वतःची समजूत घातली. (चाल मी परत घेतली नव्हती, हे आजही सांगतो.)

तू पुरावा मागशील, म्हणून वाचले ते लिहितो. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेने 2016 मध्ये मॉर्फिनसारख्या औषधांबाबत काढलेली मार्गदर्शिका काहींनी इतकी कडक राबवली की, अशी औषधे एकदम तोडल्यास रुग्ण असह्य वेदनांपासून आत्महत्येपर्यंत जाऊ शकतो, असा इशारा 2019 मध्ये तिथल्या एफडीए या औषध नियामक संस्थेला द्यावा लागला. 2022 च्या सुधारित मार्गदर्शिकेनुसार, वर्षाहून अधिक काळ औषध घेणाऱ्यांना महिन्याला दहा टक्के किंवा त्याहून सावकाश उतरणे अधिक सोसते. माझ्या लाल शाईला कुणाचाच आधार नाही.

आणखी एक कबुली. तिच्या जुन्या मात्रेच्या गोळ्या ‘असू देत’ म्हणून मी माझ्या खणात दडवल्या होत्या. सवय मोडल्यावर तीच जुनी मात्रा श्वास थांबवू शकते, हे कळले तेव्हा माझेच हात गार पडले. काल त्या डॉक्टरांकडे नेऊन दिल्या.

ताई अजून 80 वरच आहे, आणि पुढची पायरी कधी ते तीच सांगणार आहे. रात्री ती उठली की मीही उठतो, पण विचारपूस केली तर चिडते आणि गप्प राहिलो तर एकटी पडते. त्या चौथ्या रात्री मी काय करायला हवे होते, ते लिही. शिव्या घालायच्या असतील तर त्याही लिही.

नोकरी सोडलीस असे ऐकले. भेटलो की बोलू. धाकटीचा निकाल कळव. वहिनींना नमस्कार.

तुझाच

ता. क. ताईलाही तुला पत्र लिहायचे आहे. मी ते वाचायचे नाही, अशी तिची अट आहे.