सतीश शाह यांच्या अभिनयावर लिहिले जायला हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ज्येष्ठ अभिनेते सतीश शाह यांचे २५ ऑक्टोबर २०२५ रोजी मुंबईत निधन झाले. त्यानंतर त्यांच्याविषयी जे लिहिले गेले त्यातील हळहळ मनापासूनची होती, यात शंका नाही. परंतु प्रसन्न चेहरा, भारदस्त देह आणि हमखास हशा मिळवणारा नट एवढे सांगून बहुतेकांची लेखणी थांबली. पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटमध्ये अभिनयाचे रीतसर शिक्षण घेतलेला हा कलावंत पडद्यावर नेमके काय करत होता, याची चर्चा फारशी झाली नाही. विनोदी भूमिका म्हणजे अंगभूत गंमत, तिला तालीम कसली, असे आपण धरून चालतो. मराठीत राजा गोसावी, शरद तळवलकर, सुधीर जोशी यांच्या वाट्यालाही बव्हंशी अशा कौतुकाच्या आठवणीच आल्या, चिकित्सा क्वचितच आली.

कुंदन शाह यांच्या 'जाने भी दो यारों' (१९८३) या चित्रपटातील महापालिका आयुक्त डिमेलो ही त्यांची भूमिका घ्या. केक खाताना 'थोडा खाओ, थोडा फेंको' असे सांगणारा हा भ्रष्ट अधिकारी स्वतःला मुळीच हास्यास्पद समजत नाही. परदेशातील गटारांचे गुणगान तो पूर्ण गांभीर्याने करतो, आणि हसू येते ते त्या गांभीर्यामुळेच. पुढे त्याचा खून होतो आणि उरलेल्या चित्रपटात सतीश शाह यांना केवळ मृतदेह व्हायचे असते. मृतदेहाला स्वतःचा तोल नसतो. दुसरे धरतील तसा तो उभा राहतो आणि ढकलतील तिकडे जातो. जिवंत माणसाने हे करायचे म्हणजे हात लागताच आपोआप ताठणारे शरीर ताब्यात ठेवायचे, आणि नसीरुद्दीन शाह, रवी बासवानी, ओम पुरी, पंकज कपूर, सतीश कौशिक असे एकापेक्षा एक नट भोवती गोंधळ घालत असताना चेहऱ्यावरची रेषही हलू द्यायची नाही. साडी नेसवलेल्या या मृतदेहाला द्रौपदी म्हणून रंगमंचावर उभे केले जाते, तो महाभारताचा प्रवेश हिंदी चित्रपटातील सर्वांत अवघड विनोदी प्रसंगांपैकी एक आहे, असे माझे मत आहे.

त्यांच्या कारकिर्दीचा खरा विस्तार मात्र दूरदर्शनवर झाला. हिंदीतील व्यंगलेखक शरद जोशी यांनी लिहिलेल्या आणि १९८४ मध्ये सुरू झालेल्या 'ये जो है जिंदगी' या मालिकेत शफी इनामदार, स्वरूप संपत आणि राकेश बेदी यांची पात्रे कायम होती, तर सतीश शाह जवळजवळ प्रत्येक भागात नव्या माणसाच्या रूपात येत. अशा ५५ भूमिकांची नोंद सांगितली जाते. वेशभूषा बदलून हे साधत नाही. प्रत्येक माणसाची बोलण्याची ढब वेगळी, चाल वेगळी, समोरच्याशी वागण्याची तऱ्हा वेगळी, आणि हे सारे दूरचित्रवाणीच्या घाईच्या वेळापत्रकात बसवायचे! पुढच्या काळात हिंदी चित्रपटांनी त्यांना बहुधा एखाद्या लकबीपुरतेच वापरले. 'मैं हूँ ना' (२००४) मधील बोलताना थुंकी उडवणारा प्राध्यापक त्यांनी चोख केला, पण त्यात त्यांच्या कुवतीचा कस लागला नाही. मराठी प्रेक्षकांना ते 'गंमत जंमत' (१९८७) मध्येही दिसले होते.

'साराभाई वर्सेस साराभाई' (२००४) मधील इंद्रवदनाविषयी थोडे अधिक लिहिणे आवश्यक वाटते. दिवसभर बायकोची टर उडवणारा आणि धाकट्या मुलाच्या कवितांची निर्दय चेष्टा करणारा हा गृहस्थ कागदावर सहज नकोसा वाटू शकतो. तो तसा वाटत नाही, कारण रत्ना पाठक शाह यांची माया बोलत असताना सतीश शाह केवळ आपल्या वाक्याची वाट पाहत थांबत नाहीत. ते ऐकतात, तिच्या शब्दांची मजा घेतात, आणि टोमणा येण्याआधीच त्यांच्या डोळ्यांत तिच्याविषयीचा जिव्हाळा दिसतो. वर्षानुवर्षांचा संसार त्या दोघांनी एकमेकांच्या बोलण्याला दिलेल्या प्रतिसादातून उभा केला आहे. सुमीत राघवन यांच्यासारखे मराठी रंगभूमीवरून आलेले कलाकार त्या घरात इतके सहज सामावले, यालाही हा परस्पर ऐकण्याचा गुण कारणीभूत असावा. पहिल्या प्रसारणात या मालिकेला मोठा प्रेक्षकवर्ग मिळाला नव्हता. ती पुढे लोकप्रिय झाली आणि २०१७ मध्ये तिचे नवे पर्व आले.

म्हणून आपणास विनंती आहे की, आपल्या रविवार पुरवणीत चरित्र अभिनेत्यांवर एक लेखमाला सुरू करावी, आणि प्रत्येक लेख त्या कलावंताच्या एकाच भूमिकेपुरता ठेवून त्यातील आवाज, हालचाल, विराम आणि सहकलाकारांशी असलेले नाते यांची बारकाईने तपासणी व्हावी. त्यासाठी अभिनय शिकवणाऱ्यांना आणि दिग्दर्शकांना लिहिते करावे. पहिला लेख 'ये जो है जिंदगी'वर असावा, असे सुचवावेसे वाटते. दर आठवड्याला नवा माणूस उभा करण्याची तयारी सतीश शाह कशी करत, हे स्वरूप संपत आणि राकेश बेदी यांच्यासारखे सहकलाकार प्रत्यक्ष पाहिलेले सांगू शकतील.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे