मजले मोजण्याआधी तळमजला पाहावा

महोदय,

शहराचा जुना व्यापारी गाभा ओस पडू लागला की तेथे उत्तुंग निवासी इमारतींना परवानगी द्यावी, म्हणजे तो पुन्हा नांदता होईल, असे सर्रास मांडले जाते. त्यात तथ्य आहे; मात्र वस्तीची घनता आणि इमारतीची उंची यांची त्यात गल्लत होते.

कचेऱ्या सुटल्यावर जो भाग निर्मनुष्य होतो, त्याला तेथेच मुक्कामाला असणारी माणसे हवी असतात, हे निर्विवाद. मेलबर्नने १९९२ मध्ये ‘पोस्टकोड ३०००’ हा कार्यक्रम हाती घेतला तो याच हेतूने, आणि त्याचा मोठा भर नव्या मनोऱ्यांपेक्षा रिकाम्या पडलेल्या जुन्या इमारतींचे घरांत रूपांतर करण्यावर होता. व्हँकुव्हरने १९९१ च्या आराखड्यात मध्यवर्ती भागातील कार्यालयांच्या बऱ्याच जमिनीवर घरांना वाट करून दिली. तेथील मनोरे उंच आहेत खरे, पण ते सडपातळ असून एकमेकांपासून अंतर राखून उभे आहेत, आणि त्यांच्या पायथ्याशी दुकाने व थेट पदपथावर दार उघडणारी घरे आहेत. पादचाऱ्याचा संबंध येतो तो या पायथ्याशी. वरचे मजले वीस आहेत की तीस, याने त्याला काय फरक पडतो?

याउलट अमेरिकेतील सेंट लुईस शहरातील प्रुइट-आयगो या सरकारी वसाहतीच्या अकरा मजली ३३ इमारती १९५० च्या दशकात उभ्या राहिल्या आणि १९७२ पासून पाडल्या जाऊ लागल्या. दोष एकट्या उंचीचा नव्हता. शहराचीच लोकसंख्या घटत होती आणि देखभालीला पैसा पुरत नव्हता. पॅरिसमध्ये तर प्रामुख्याने सहा-सात मजल्यांच्या सलग इमारतींत दर चौरस किलोमीटरला सुमारे वीस हजार माणसे राहतात.

गुंतवणूक म्हणून घेऊन कुलूपबंद ठेवलेली घरे कागदावर घनता वाढवतात, रस्त्यावर नाही; आणि खालचे चार-पाच मजले वाहनतळाला दिले की पदपथालगत उरते ती निव्वळ भिंत. म्हणून वाढीव चटईक्षेत्र (म्हणजे त्याच भूखंडावर जादा बांधकामाची मुभा) मंजूर करताना तळमजल्याचा वापर, रस्त्याकडील दारे, भाड्याने मिळणाऱ्या घरांचे प्रमाण आणि पाणी व सांडपाण्याची क्षमता या बाबी परवान्याच्या अटींतच लिहिल्या जाव्यात, आणि भोगवटा प्रमाणपत्र देण्यापूर्वी त्यांची प्रत्यक्ष पाहणी व्हावी.

आपला,
एक वाचक