आई-बाबा, चहाला चला

हाँगकाँग
रविवार, संध्याकाळ

ती. आई आणि ती. बाबा यांस,
शि. सा. न. वि. वि.

परवा फोनवर बाबांनी विचारलं, "तुमच्या घरात चूल पेटते की नाही? जेव्हा बघावं तेव्हा हॉटेलात!" मी उत्तर द्यायला गेले आणि बाबांच्या कानातलं मशीन शिट्ट्या मारायला लागलं. मी म्हणाले, "इथलं स्वयंपाकघर लहान आहे." बाबांना ऐकू आलं, "स्वयंपाकीण महान आहे." त्यावर बाबा, "कोण म्हणतंय असं?" आणि मागून आई हसतेय. अशा बोलण्याला इथे 'कोंबडीच्या बदकाशी गप्पा' म्हणतात. तेव्हा म्हटलं, सरळ पत्रच लिहावं. दादा मोठ्या अक्षरात प्रिंट काढून देईल.

तर बाबा, स्वयंपाकघर खरंच लहान आहे. मी कणीक मळत असले तर ह्यांना फ्रीज उघडता येत नाही. आणि हे आमच्या एकट्याचं नाही, सगळ्या शहराचंच असं आहे. घरी कुणी कुणाला जेवायला बोलवत नाही, कारण बसवणार कुठे? सासू-सुनेची भेट, मुलगी बघणं, मित्राचं सांत्वन, सगळं हॉटेलात. हॉटेल ही इथल्या लोकांची ओसरी आहे. आपल्याकडे बाहेर जेवणं म्हणजे वाढदिवस, नाहीतर गॅस संपलेला. इथे तसा काही प्रसंग लागत नाही.

आमच्या मजल्यावर एक आजी राहतात. म्हाताऱ्या बाईला इथे 'पो-पो' म्हणतात, मीही तेच म्हणते. वय ऐंशीच्या पुढे, एकट्या. रोज सकाळी केस विंचरून, स्वेटरची बटणं नीट लावून, बगलेत वर्तमानपत्र घेऊन निघतात. मला वाटायचं देवळात जात असतील. जातात चहाला. एका सुट्टीच्या दिवशी मलाही घेऊन गेल्या.

'यम चा' म्हणजे चहा पिणं, पण नुसत्या चहासाठी कुणी जात नाही. दुधाचा नव्हे, कोरा चहा, किटलीभर. पो-पोंचा 'पो लेई' असतो, काळाभोर, ओल्या मातीच्या वासाचा. आई, तुला तो पहिल्या घोटाला काढा वाटेल. बसल्या बसल्या पो-पोंनी पहिल्या वाफेच्या चहाने वाट्या, पेले, चॉपस्टिक सगळं खळखळून धुतलं आणि पाणी मधल्या भांड्यात ओतलं. वेटर समोर उभा, त्याला काही वाटत नाही. हॉटेलात गेल्यावर ताट रुमालाने पुसतेस म्हणून आम्ही तुला हसायचो ना? इथे अख्खं हॉटेल तेच करतं.

मग बांबूच्या छोट्या करंड्यांतून वाफवलेले पदार्थ येतात. म्हाताऱ्या माणसांचा ठरलेला हिशेब म्हणजे 'एक पेला, दोन नग'. झाकणाचा एक पेला चहा आणि खायचे दोन प्रकार, बास. एवढ्यावर पेपर पहिल्यापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून होतो. किटलीतलं पाणी संपलं की हाक मारायची नाही, झाकण तिरकं करून ठेवायचं, वेटर येऊन गरम पाणी भरून जातो. कुणी आपल्या पेल्यात चहा ओतला की दोन बोटं वाकवून टेबलावर टकटक करायचं. म्हणजे आभार. यामागे एक दंतकथा सांगतात. छियनलोंग बादशाह वेश पालटून फिरत होता. एका चहाच्या दुकानात त्याने आपल्या नोकराच्या पेल्यात चहा ओतला. नोकराने लोटांगण घालावं तर बादशाह ओळखला जाणार, म्हणून त्याने बोटांचे गुडघे टेकले. बाबांना ही गोष्ट आवडेल म्हणून मुद्दाम लिहिली.

मला मात्र आवडली ती आजूबाजूची माणसं. गोल टेबलावर अनोळखी लोक एकत्र बसवतात. पो-पोंच्या टेबलावरचे दोन आजोबा आणि एक बाई वर्षानुवर्षं त्याच वेळी येतात. एकमेकांच्या घरी कुणीच गेलेलं नाही. एक आजोबा आले नाहीत तेव्हा पो-पोंनी आधी जरा शिव्या दिल्या आणि मग फोन लावला. त्यांचा गुडघा दुखत होता. निघताना बिलावरून अशी झोंबाझोंबी झाली की मला आपल्या मावश्या आठवल्या. "मी देते", "नाही, मागच्या वेळी तू दिलंस", पर्स ओढाओढी, वेटर छताकडे बघतोय. आई, तू इथे अजिबात परकी वाटणार नाहीस.

आता तुझा खरा प्रश्न. "मी खाणार काय?" बौद्धांचं शाकाहारी जेवण इथे सगळीकडे मिळतं, त्याला 'जाय' म्हणतात. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी बरीच जुनी माणसं मांसमासे खात नाहीत, त्या दिवशी या हॉटेलांत रांगा असतात. आणि ऐक, त्यात कांदा-लसूणही नसतो! चातुर्मासात मी तुला इथे आणलं तरी तुझं काही अडणार नाही. लांताव बेटावर चौतीस मीटर उंचीची बुद्धाची बसलेली मूर्ती आहे, तिच्याजवळच्या पो लिन मठातही असं जेवण मिळतं. मशरूम, टोफू, बांबूचे कोंब, कमळाचे देठ. साध्या हॉटेलात मात्र 'भाजी' म्हटलं तरी वर कालवांचा सॉस ओतलेला असतो, आणि मुळ्याच्या वड्या म्हणून जे येतं त्यात सॉसेजचे तुकडे असतात. त्या मुळ्याच्या वड्यांवर तुझा डोळा जाणार हे मला आत्ताच दिसतंय. तेव्हा मागवायचं काम माझं.

बाबांसाठी 'चा चान तेंग', म्हणजे इथलं साधं चहा-नाश्त्याचं हॉटेल. दुधाचा चहा तिथे मिळतो. सिलोनची कडक पत्ती, कापडाच्या लांब पिशवीतून गाळलेली, वर डब्यातलं आटवलेलं दूध. बाबा मुंबईच्या नोकरीतल्या इराणी हॉटेलांच्या आठवणी काढतात ना, तीच जात. अनोळखी माणसाशेजारी बसा, लवकर खा, लवकर उठा, वेटरकडून गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका. चहा आणि कॉफी एकत्र करूनही देतात. मला तो प्रकार पटलेला नाही, ह्यांना रोज लागतो. न्याहारीला मॅकरोनी सूपमध्ये बुडवून खातात. त्यावर आई काय म्हणेल ते मी लिहीत नाही.

खाण्याचं पुरे. बाबा, गाण्याबद्दल तुम्हाला कधीपासून सांगायचं राहिलं होतं. इथलं कॅन्टोनीज ऑपेरा म्हणजे संगीत नाटकच, युनेस्कोने २००९ साली त्याला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. पहिल्यांदा ऐकाल तेव्हा झांजांनी कान किटतील. तुमचं मशीन तर हातातच काढून ठेवा! पण अर्ध्या तासाने कान बसतो. आणि गंमत अशी की आपल्याकडे बालगंधर्वांनी बाईचं रूप असं उभं केलं की बायका त्यांच्यासारखं नेसायला लागल्या. इथे बरोबर उलटं झालं. यम किम-फाय ही बाई होती आणि आयुष्यभर नायक झाली. पाक सूट-सिन नायिका आणि ही नायक, अशी ती जोडी. १९५७ साली त्यांनी एका राजकन्येचं नाटक केलं. मिंग घराणं बुडालेलं असतं, राजकन्या नव्या राजवटीकडून बापाचे अंत्यसंस्कार आणि भावाची सुटका पदरात पाडून घेते आणि लग्नाच्या रात्री नवऱ्याबरोबर विष पिते. त्यातलं शेवटचं पद अजून लोकांना पाठ आहे. पो-पोंनी मला लिफ्टमध्ये म्हणून दाखवलं, दोघांचेही आवाज काढून.

इथल्या कॅन्टोनीज भाषेत सूर बदलला की शब्दच बदलतो. त्यामुळे गाण्यात बहुतेक वेळा चाल आधी असते आणि तिच्या चढ-उतारात बसतील असेच शब्द कवीला शोधावे लागतात. जुन्या नाटकांच्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर 'चाल' म्हणून कुठल्या तरी आधीच्या गाण्याचा मुखडा छापलेला असायचा, ते तुम्ही दाखवायचात. मला वाटतं तुम्हाला इथली कारागिरी माझ्यापेक्षा लवकर कळेल. नॉर्थ पॉइंटचं सनबीम थिएटर १९७२ पासून या नाटकांचं घर होतं. ते मार्च २०२५ मध्ये बंद झालं, पो-पो अजून त्याबद्दल चिडून आहेत. पण २०१९ साली वेस्ट काउलूनला नवीन शी-छू सेंटर, म्हणजे चिनी संगीत नाटकांचं केंद्र, झालंय, तिथल्या छोट्या थिएटरात चहा आणि खाणं समोर ठेवून प्रवेश बघता येतात. विष्णुदास भाव्यांच्या गावचा माणूस तिथे जाऊन नाकं मुरडणार हे मी धरून चालले आहे. "आमच्या सांगलीत १८४३ सालीच..." इथपासून सुरुवात होईल. होऊ दे.

जत्रांच्या वेळी बांबूचे मोठाले मांडव घालूनही हे खेळ होतात. सातव्या चांद्र महिन्यात, म्हणजे साधारण आपल्या पितृपक्षाच्या थोडं आधी, भुकेल्या पितरांसाठी खेळ लावतात आणि पहिली रांग रिकामी सोडतात. ती पितरांची. एक पर्यटक त्या खुर्चीत बसायला गेला तर चार म्हाताऱ्यांनी त्याला दंडाला धरून उठवलं.

शेर-छटाक तुम्हाला पाठ आहेत म्हणून एक सांगते. इथल्या मंडईत अजून 'गान'वर भाजी मिळते, एक गान म्हणजे साधारण सहाशे पाच ग्रॅम, आणि त्याचे भाग सोळा, त्यांना 'लोंग' म्हणतात. शेराचे छटाक सोळा, तसेच! त्यामुळे 'एकाला झाकावा आणि दुसऱ्याला काढावा' म्हणायचं असेल तर इथे म्हणतात, 'हा अर्धा गान, तो आठ लोंग.' १९७६ साली सॅम हुई या गायकाने भावाच्या सिनेमात याच म्हणीवरून एक गाणं म्हटलं. नोकरदार मर मर मरतो आणि हाती काय येतं, अशा अर्थाचं, रस्त्यावरच्या बोलीतलं. आमच्या ऑफिसात पगाराच्या आदल्या आठवड्यात कुणीतरी ते गुणगुणतंच.

सिनेमाचं थोडक्यात. इथला सिनेमा म्हणजे मारामारी, असं बाबांचं ब्रूस लीपासूनचं मत आहे. ॲन हुई या दिग्दर्शिकेचा २०११ चा 'अ सिंपल लाइफ' दादाला लावून द्यायला सांगा, खाली इंग्रजी अक्षरं येतात. एका घरात साठ वर्षं काम केलेली बाई, तिला पक्षाघाताचा झटका येतो, ती वृद्धाश्रमात जाते आणि त्या घरातला मुलगा तिच्याकडे येत-जात राहतो. एवढीच गोष्ट. डीनी यिपला त्यासाठी व्हेनिसमध्ये सर्वोत्तम अभिनेत्रीचं पारितोषिक मिळालं, मुलाचं काम अँडी लाऊने केलंय. आई, वृद्धाश्रम म्हटल्यावर लगेच पदर डोळ्याला लावू नकोस. रडायला लावणारा सिनेमा नाही तो. माझ्या मते अलीकडे मी बघितलेल्यातला सगळ्यात शहाणा सिनेमा आहे.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. स्कूटर विकल्यापासून बाबा घराबाहेर पडत नाहीत, असं आई म्हणते. डोळ्यांमुळे विकावी लागली, तो निर्णय बरोबरच होता. पण त्यामुळे कट्टाही सुटला, हे मला पटत नाही. इथे म्हणतात, 'घोडा मेला तर उतरून चाल.' पो-पो ही म्हण बस चुकल्यावरही वापरतात आणि नवरा गेला त्याबद्दल बोलतानाही वापरतात. कट्टा घरापासून दहा मिनिटांवर आहे. रिक्षाही आहे. आणि आई, तू प्रत्येक वेळी "बाहेरचं तेल कसलं असतं कोण जाणे" म्हणून जो विषय बंद करतेस, तो आता उघड. आठवड्यातून एक सकाळ दोघांनी बाहेर पडा. इडली खा, नुसता चहा घ्या, पेपर तिथेच वाचा, शेजारच्या टेबलावरच्या माणसाशी राजकारणावर भांडा. पैसे वाया गेले असं वाटलं तर बिल मला पाठवा. बाबा, जिलेबी मात्र नाही. शुगरचा रिपोर्ट आईने मला वाचून दाखवलाय. 'खारा मासा खायचा तर तहान सोसायची,' असं इथले लोक म्हणतात, पण तुमची तहान आईला सोसावी लागते.

आणि डिसेंबरात इकडे या. तेव्हा हवा छान असते, दमट नसते, चालायला बरं. मुंबईहून थेट विमान सहा तासांच्या आसपास. १४ दिवसांपर्यंत राहायला आपल्या पासपोर्टवर व्हिसा लागत नाही, फक्त इंटरनेटवर आगाऊ नोंदणी करायची, ती मी इथून करते. झोपायची सोय होईल, हे बाहेरच्या खोलीत गादी टाकतील. स्टार फेरीत बसवून तुम्हाला बंदर दाखवायचंय. ती सेवा १८८८ साली एका पारशी गृहस्थांनी सुरू केली, दोराबजी त्यांचं नाव. पो-पोंना मी सांगून ठेवलंय, त्या रोज विचारतात, तुझी आई चहा कुठला पिते म्हणून.

तेव्हा दोघांच्या पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाचे फोटो दादाकडून या आठवड्यात पाठवा. आईच्या पासपोर्टची मुदत कधी संपते तेही बघा, कमी राहिली असेल तर आधी नवा काढावा लागेल.

दोघांना नमस्कार. दादा-वहिनींना सांगावा, पोरांना पापा.

तुमची
धाकटी

ता. क. येताना भडंग आणाच, पण दोन पुडे वेगळे आणि कमी तिखट. पो-पोंना मागच्या वेळचा खाऊन किटलीभर चहा लागला होता.