खांदा जपताय की खिसा?

संपादक साहेब, नमस्कार.

मी तुमचा पेपर इथे पिट्सबर्गमध्ये बसून ऑनलाइन वाचतो, खरं सांगायचं तर आधी सांगलीच्या बातम्या आणि मग थेट खेळाचं पान. २०२५ च्या इंग्लंड दौऱ्यात बुमराह पाचातल्या तीनच टेस्ट खेळला आणि तेव्हापासून वर्कलोड, म्हणजे बॉलरच्या अंगावर पडणारा भार, हा शब्द आपल्याकडे शिवीसारखा वापरला जातोय, पूर्वीचे बॉलर दिवसभर टाकायचे ह्यांना काय धाड भरलीय, हे तर ठरलेलंच. त्यात तो नसलेल्या दोन्ही टेस्ट आपण जिंकलो आणि सिराज पाचही खेळून हजारावर बॉल टाकून गेला, मग काय, लोकांना आयतंच कोलीत मिळालं. मला क्रिकेटवर भांडायचं नाहीये. पण हाच वाद बेसबॉलमध्ये कितीतरी वर्षं चाललाय आणि इथल्या पायरेट्स टीमने एक पोरगा कसा वाढवला ते मी पहिल्या दिवसापासून बघतोय, म्हणून हा पत्रप्रपंच.

आधी थोडं समजावतो, घरी बाबांना समजावलं तसंच. सीझनला मॅच १६२. एवढ्या मॅचमध्ये एकच माणूस रोज टाकू शकत नाही म्हणून पाच स्टार्टर पिचर, म्हणजे मॅच सुरू करणारे बॉलर, असतात, ते पाळीपाळीने येतात, त्याला रोटेशन म्हणतात. ज्याची पाळी तो ऐंशी-नव्वद, फार तर शंभर बॉल टाकतो आणि मग चार-पाच दिवस मॅचमध्ये नाही. म्हणजे लोळत पडत नाही हां, दुसऱ्या दिवशी पळणं, स्ट्रेचिंग, मग मधल्या एका दिवशी कोचसमोर थोडे बॉल टाकून हात मोकळा करणं, पुढच्या टीमच्या बॅटरचे व्हिडिओ. तरण्या पिचरला बॉल टाकायच्या आधी हे वेळापत्रक अंगवळणी पडावं लागतं, कारण कॉलेजात आठवड्यातून एकदा टाकायची सवय असते.

तर पोरगा म्हणजे पॉल स्कीन्स. सहा फूट सहा इंच, सुरुवातीला एअर फोर्स अकॅडमीत होता, तिथे कॅचर (आपल्या विकेटकीपरसारखा) पण होता आणि पिचर पण, मग लुइझियाना स्टेटला गेला आणि २०२३ ला पायरेट्सनी त्याला ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवी पोरं टीमना वाटून घ्यायच्या निवडीत, पहिल्या नंबरवर उचलला, ९२ लाख डॉलर बोनस देऊन. आता एवढे पैसे ओतल्यावर कोणीही म्हणेल की उद्याच उतरवा. नाही उतरवला. त्या वर्षी कॉलेजात त्याच्या १२२ च्या वर इनिंग (इथे इनिंग म्हणजे समोरचे तीन बॅटर बाद होईपर्यंतचा डाव) झाल्या होत्या, म्हणून मायनर लीगमध्ये, म्हणजे खालच्या लीगमध्ये, जेमतेम सहा-सात इनिंग टाकायला लावून गप्प बसवला. २०२४ ला इंडियानापोलिसला, म्हणजे सगळ्यात वरच्या मेजर लीगपेक्षा फक्त एक पायरी खाली, सात मॅच दिल्या आणि सात मिळून इनिंग किती तर २७ आणि थोड्या. मॅचला चार पण नाही! समोरचे बॅटर तर बिचारे हवेत बॅट फिरवत होते, ४५ स्ट्राइकआउट झाले, तरी ह्यांचं आपलं ठरलेल्या आकड्याला पोचला की बस खाली. सगळं गाव चिडलं होतं, मी पण.

नंतर मी कागद घेऊन बेरीज केली तेव्हा जिना दिसला. २०२३ ला सगळं मिळून साधारण १२९ इनिंग, २०२४ ला १६०, २०२५ ला १८७. दरवर्षी तीसेक इनिंगची पायरी. कोणी उडी मारायला लावली नाही की कोणी पिंजऱ्यात पण ठेवला नाही. पहिल्या वर्षी तर त्याला बहुतेक वेळा एक दिवस जास्त मिळायचा, चारऐवजी पाच दिवसांनी पाळी.

दुसरी गोष्ट जी टीव्हीवर कोणी सांगत नाही ती अशी की हे नुसतं बॉल मोजणं नव्हतं. कॉलेजात त्याचं काम दोन बॉलवर भागायचं, एक ताशी शंभर मैलाचा सरळ आणि एक स्लायडर, म्हणजे बाजूला वळणारा. पण स्टार्टरला एकाच बॅटरसमोर एका मॅचमध्ये दोनदा तीनदा यावं लागतं आणि तिसऱ्यांदा तो बॅटर ओळखीचा झालेला असतो, तेव्हा नुसता जोर कामाचा नाही. त्याने सिंकर आणि स्प्लिटर ह्या दोन खाली जाणाऱ्या बॉलच्या मधला एक विचित्र बॉल घोटवला, इथे त्याला स्प्लिंकर म्हणतात, नव्वदच्या वरच्या स्पीडने येतो आणि बॅटरजवळ खाली बसतो. कमी इनिंग म्हणजे शिकवणीचा वेळ असतो साहेब, तो वापरला तर ठीक, नाहीतर नुसती सुट्टी. (ह्याच पायरेट्सनी २००८ ला उत्तर प्रदेशातले दोन भालाफेकपटू रिंकू सिंग आणि दिनेश पटेल घेतले होते, आयुष्यात बेसबॉल न खेळलेली पोरं. हात जोराचा होता, पण वरच्या लीगपर्यंत दोघंही पोचले नाहीत. जोराचा हात आणि पिचर ह्यात लई अंतर आहे.)

११ मे २०२४ ला त्याची पहिली मॅच, शिकागो कब्जविरुद्ध. बाबा तेव्हा आमच्याकडे आले होते, त्यांना घेऊन गेलो, क्लेमेंटे ब्रिजवरून चालत. ८४ बॉल टाकले, त्यातले सतरा शंभर मैलाच्या वर, सात जणांना घरी पाठवलं आणि पाचव्या इनिंगला दोन बॅटर बेसवर गेल्यावर काढला. मागून आलेल्या पिचरनी चुकीचे बॉल टाकून फुकटचे बेस वाटले आणि रन दिले, वर पाऊस, दोन तासांच्यावर खोळंबा, कशीबशी १०-९ जिंकलो. बाबा आपले एकच विचारत राहिले, "चांगला टाकत होता की, काढला कशाला?" जुलैत मिलवॉकीला तर सात इनिंग एकही हिट न देता ९९ बॉलवर काढला. पूर्ण मॅच अशी टाकली तर तिला नो-हिटर म्हणतात, इथे आयुष्यात एकदा मिळाली तर मिळाली अशी गोष्ट. सोशल मीडियावर मॅनेजर डेरेक शेल्टनचा उद्धार झाला. पण त्याच पोराने त्या वर्षी नऊ इनिंगमागे १.९६ रनची सरासरी ठेवून रुकी ऑफ द इयर, म्हणजे सर्वोत्तम नवख्याचं बक्षीस, घेतलं आणि २०२५ ला ३० पैकी ३० पहिली मतं घेऊन साय यंग, म्हणजे सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार. टीम मात्र त्या वर्षी ९१ मॅच हरली, त्याच्या स्वतःच्या नावावर दहा विजय आणि दहा पराभव, कारण आमचे बॅटर... जाऊ दे.

आता इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल की बघा, जपलं की फळ मिळतं. एवढं सोपं असतं तर मी पत्र लिहिलंच नसतं. त्याच टीममध्ये २०२४ लाच जॅरेड जोन्स नावाचा दुसरा तरणा पिचर आला. त्यालाही तसाच जपला, एप्रिलमध्ये न्यूयॉर्क मेट्सविरुद्ध पाच इनिंग शून्य रन आणि फक्त ५९ बॉल, तरी काढला, केवढा गोंधळ झाला होता. २०२५ च्या मेमध्ये त्याच्या कोपराच्या लिगामेंटचं ऑपरेशन झालं. १९७४ ला डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन ह्या पिचरच्या कोपरावर पहिल्यांदा लिगामेंट बसवलं, तेव्हापासून ही ऑपरेशनं इथे दाढ काढल्यासारखी झालीत, पण परत यायला वर्ष-दीड वर्ष जातंच. आणि स्ट्रासबर्ग नावाचा पिचर? वॉशिंग्टनच्या टीमने २०१२ ला ऐन सप्टेंबरमध्ये १५९ इनिंगवर त्याला बसवला, टीम ९८ मॅच जिंकून प्लेऑफला गेली आणि तो बाकावरून बघत राहिला, पहिल्याच फेरीत बाहेर. २०१९ ला तोच वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे फायनलचा, हिरो झाला, २४.५ कोटी डॉलरचा करार झाला आणि त्यानंतर सगळ्या मिळून ३१ इनिंग टाकून संपला. ह्यातून तुम्ही हवा तो निष्कर्ष काढा, दोन्ही बाजूंना पुरावा आहे.

मेजर लीगने स्वतः २०२४ च्या डिसेंबरमध्ये दुखापतींवर मोठा रिपोर्ट काढला, त्यातही बोट मुख्यतः स्पीडकडे आणि प्रत्येक बॉल पूर्ण ताकदीने टाकायच्या हट्टाकडे आहे. बॉल कमी टाका पण प्रत्येक बॉल फाडून टाका, असं शिकवलं तर मोजून काय उपयोग.

आणि एक कडू गोष्ट. स्कीन्सला मे महिन्यापर्यंत खाली ठेवला त्यात हाताची काळजी किती आणि हिशेबाची किती हे इथे सगळ्यांना माहीत आहे. खेळाडू जेवढा उशिरा वर येतो तेवढा तो टीमला जास्त वर्षं स्वस्तात पडतो. खांद्याचं नाव आणि खिशाचं काम. (रुकी ऑफ द इयर झाल्यामुळे त्याला नियमाने पूर्ण वर्ष धरून मिळालंच, तेवढं मात्र बरं झालं.)

म्हणून तुमच्या क्रीडा विभागाला एक विनंती आहे. पुढच्या वेळी कुठल्याही तरुण बॉलरला बसवला की तो नाजूक आहे की नाही ह्यावर रकाने भरण्याऐवजी तीन प्रश्न विचारा, हा निर्णय कोणी घेतला, पोराला सिरीजच्या आधी सांगितलं होतं की टॉसच्या वेळी, आणि बसलेल्या दिवसात त्याच्याकडून काय करून घेतलं. आपल्याकडे सतरा वर्षांचं पोरगं शाळा, क्लब, जिल्हा, अंडर-१९ असं चार ठिकाणी टाकत असेल तर त्याच्या सगळ्या ओव्हर एका वहीत कोण लिहितं, हा चौथा.

जोन्सच्या ऑपरेशनचं मी बाबांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "मग ५९ बॉलवर काढून काय मिळवलं?" अजून उत्तर दिलेलं नाही.

आपला,
एक वाचक, पिट्सबर्ग (मूळ सांगली)