गच्चीवरचा सोलर बदलण्याआधी

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या आपल्या दैनिकात येऊ लागल्या की आमच्या इमारतीत गरम पाण्यावरून कुरबुर सुरू होते. सातपूरच्या एका कारखान्यात मी एकतीस वर्षे मेंटेनन्स फिटर होतो. या हिवाळ्यात जे घडले ते इतर सोसायट्यांच्या कामी यावे, म्हणून लिहीत आहे.

इंदिरानगरमधील आमच्या इमारतीत बारा फ्लॅट आहेत. गच्चीवर ५०० लिटरच्या तीन सोलर टाक्या आहेत आणि प्रत्येकीत ऊन नसताना विजेवर पाणी तापवणारी तीन किलोवॉटची बॅकअप कॉइल आहे. डिसेंबरपासून तिसऱ्या मजल्यावर सकाळी कोमट पाणीही येईना. तिथल्या ताई म्हणाल्या, "काका, दहा मिनिटं नळ सोडून ठेवते. बादली भरून पाणी मोरीत जातं आणि सासूबाई तशाच कुडकुडत बसतात." त्यांच्या सासूबाईंचे वय ऐंशीच्या पुढे आहे. त्यातच सोसायटीचे वीजबिलही वाढलेले. देखभालीचा ठेका असलेल्या मंडळींनी वर चक्कर मारली, सोलरच्या पाणी तापवणाऱ्या नळ्या म्हाताऱ्या झाल्या असे सांगितले आणि नळ्या व एक टाकी बदलण्याचे ८५ हजारांचे कोटेशन दिले. टाकीतून निघणाऱ्या पाइपला त्यांनी हातसुद्धा लावला नव्हता.

मी दुपारी चार वाजता वर गेलो. तिन्ही टाक्यांच्या आउटलेटला क्षणभरही हात ठेवता येत नव्हता. म्हणजे ऊन पाणी तापवत होते आणि गडबड खाली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी गरम लाइनचा मुख्य व्हॉल्व्ह गच्चीवरच पूर्ण बंद केला आणि ताईंना गरम नळ उघडायला सांगितले. पाइपात उरलेले पाणी निघून गेल्यावर नळ कोरडा पडायला हवा होता. पण पाणी जोरात येतच राहिले, आणि तेही गारढोण! थंड पाणी कुठून तरी गरम लाइनमध्ये शिरत होते.

आमच्याकडे थंड लाइनवर प्रेशर पंप आहे, गरम लाइनवर नाही. मग एकेका फ्लॅटचे गरम पाण्याचे कॉक बंद करत गेलो. दुसऱ्या मजल्यावरच्या एका घराचे कॉक फिरवले आणि वरची धार थांबली. त्या घरात नवा हँड शॉवर बसवला होता. त्याचे पाणी मुठीवरच्या बटणाने बंद करायचे आणि थंड-गरम पाणी एकत्र करणारा नळाचा मिक्सर मात्र दिवसभर उघडाच राहायचा. जोर असलेले थंड पाणी मिक्सरमधून उलटे गरम लाइनमध्ये जात होते. त्या कुटुंबाला बोल लावण्यात अर्थ नाही, त्यांना हे कोणी सांगितलेच नव्हते. खरे तर प्रत्येक फ्लॅटच्या गरम जोडावर उलटा प्रवाह अडवणारा एनआरव्ही असायला हवा. आमच्या बाराही जोडांवर तो नव्हता.

राहिले वीजबिल. कॉइल ठरल्या वेळी चालू-बंद करणाऱ्या, पॅनेलमधल्या टायमरची तबकडी सव्वा एक दाखवत होती, माझ्या घड्याळात साडेसहा वाजले होते. त्यात बॅटरी नसल्याने वीज गेली की तो थांबतो आणि आली की तिथूनच पुढे चालू लागतो. असा तो सव्वापाच तास मागे पडला होता. पहाटे तीन ते सहा चालायची कॉइल सव्वाआठ ते सव्वाअकरा चालत होती, ऐन उन्हात! तीन तासांत एक कॉइल नऊ युनिट वीज घेते आणि तेवढ्यात ५०० लिटर पाणी जेमतेम १५ अंशांनी तापते. पहाटे हेच १५ अंश फार मोलाचे असतात. उन्हे आल्यावर त्यांचे पैसे मोजणे म्हणजे निव्वळ नासाडी.

बॅटरीचा टायमर, बारा एनआरव्ही आणि मजुरी मिळून साडेनऊ हजार खर्च आला. त्याच आठवड्यात ताईंकडे सकाळी साडेसहाला वाफाळते पाणी आले.

मला काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. सोलरला कंटाळून आमच्याकडे दोन घरांनी गॅस गिझर घेतले, त्यातला एक खिडकी नसलेल्या न्हाणीघरात लावला होता. बंद जागेत तो जळताना कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला ना रंग, ना वास. माणूस आत बेशुद्ध पडतो आणि बाहेर कोणाला कळतही नाही. हात जोडून तो गिझर बाहेर मोकळ्या गॅलरीत हलवायला लावला.

बिल्डरने ताबा देताना गरम पाण्याच्या लाइनचा नकाशा आम्हाला दिला नाही, व्हॉल्व्हवर साध्या पाट्याही लावल्या नाहीत. कोणता व्हॉल्व्ह कशाचा हे शोधण्यात माझी एक अख्खी सकाळ गेली. पूर्णत्वाचा दाखला देताना महापालिकेने हा नकाशा आणि प्रत्येक फ्लॅटच्या गरम जोडावरचा एनआरव्ही तपासावा, अशी माझी मागणी आहे. आमच्या इमारतीचा नकाशा मी आता हाताने काढून गच्चीच्या दारामागे चिकटवला आहे.

आपला,
एक निवृत्त फिटर, इंदिरानगर, नाशिक