शिंपले वेचा, पण घरी आणू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीच्या सुट्टीत ताम्हिणी उतरून आम्ही दिवेआगरला गेलो होतो. परतताना माणगाव मागे टाकलं आणि गाडीत कुजक्या मासळीचा वास सुटला. तो नातीच्या पिशवीतून येत होता. आदल्या संध्याकाळी तिने वेचलेल्या शंखांपैकी तीन शंख रिकामे नव्हते. एकात गोगलगाय होती, दोन शंखांत खेकडे. बंद डिकीत, प्लास्टिकच्या पिशवीत ते मरून गेले होते. पोर आठ वर्षांची. “आजी, तूच म्हणालीस ना, रिकामेच असतात!” असं म्हणत ती घाटभर रडली.

खरंच, मीच म्हणाले होते. ३० वर्षं प्राथमिक शाळेत शिकवताना सहलीहून आलेल्या मुलांना शिंपल्यांची फुलं, शिंपल्यांचा गणपती असे प्रकल्पही मीच दिले. आता सहलींचे दिवस जवळ आले आहेत, म्हणून हे पत्र.

रिकामा शंख कुणाच्याच कामाचा नाही, हा आपला समज चुकीचा आहे. काही खेकड्यांचं पोट मऊ असतं, त्यावर कवच नसतं. ते मेलेल्या गोगलगाईच्या शंखात बिऱ्हाड करतात आणि अंग वाढलं की मोठा शंख शोधायला निघतात. एकाने घर बदललं की त्याच्या सोडलेल्या शंखात त्याहून लहान खेकडा शिरतो. शंख मिळाला नाही तर बाटलीच्या प्लास्टिकच्या झाकणात राहणारे खेकडेही जगात दिसू लागले आहेत. शिवाय शंख-शिंपले चुनखडीचे. ते झिजून, फुटून किनाऱ्याच्या वाळूत मिसळतात, त्यातला काही चुना विरघळून पुन्हा समुद्राला मिळतो.

आपण नेलेल्या मूठभर शिंपल्यांनी काय होतं, असं कुणी विचारेल. एका माणसाने नेले तर काही होतही नसेल. पण सुट्टीच्या दिवशी किनाऱ्यावर किती मुठी भरतात, ते पाहावं. स्पेनमध्ये सालू गावाजवळच्या एका किनाऱ्यावर संशोधकांनी १९७८ ते १९८१ मध्ये आणि पुन्हा २००८ ते २०१० मध्ये शिंपले मोजले. तेवढ्या काळात पर्यटक जवळपास तिप्पट झाले होते आणि शिंपले ६० टक्क्यांहून अधिक घटले होते.

किनाऱ्यावरच्या दुकानांतले चकचकीत शंख हा तर वेगळाच विषय. लाटांनी घासून आलेला शंख फिकट असतो, त्याचे कंगोरे झिजलेले असतात. तुकतुकीत शंख बहुतेक वेळा आतल्या जीवासकट समुद्रातून काढलेला असतो. काही जातींना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, त्यांची खरेदी-विक्री गुन्हा ठरते. घेताना हे कितीजणांच्या मनात येतं? देवघरातला शंख किंवा भवानीच्या कवड्यांची माळ यांबद्दल माझी तक्रार नाही. ती पिढ्यान्‌पिढ्या जपली जाते. सहलीचे शिंपले मात्र दोन महिन्यांत कचऱ्याच्या डब्यात जातात.

मुलांनी शिंपले हातातच घेऊ नयेत, असं मी मुळीच म्हणत नाही. जरूर घ्यावेत, वाळूवर मांडावेत, निरखावेत. गोल, नेटकं भोक पडलेला शिंपला सापडला की मुली माळेसाठी उचलतात. ते भोक लाटांनी पडत नाही. वाळूत राहणारी एक शिकारी गोगलगाय शिंपल्यावर चढते, आम्लाने कवच मऊ करते, खरखरीत जिभेने किसत राहते आणि आतलं मांस खाते. भोकाची कड बाहेर रुंद, आत निमुळती असते. साध्या भिंगातूनही ती दिसते. एवढी गोष्ट समोर ठेवलेली असताना आपण मुलांना डिंकाची बाटली का देतो?

पुण्यातल्या शाळांना माझी कळकळीची विनंती आहे. यंदा शिंपल्यांच्या शोभेच्या वस्तूंचा प्रकल्प देऊ नये. त्याऐवजी किनाऱ्यावरच चित्र काढायला लावावं, आकार मोजून वहीत लिहायला सांगावं आणि निघताना शिंपले होते तिथे ठेवायला सांगावं. आपल्या वृत्तपत्राच्या मुलांच्या पानावर सहलींच्या आधी कोकणच्या किनाऱ्यावर नेहमी दिसणाऱ्या शंख-शिंपल्यांची चित्रं नावांसह छापता आली, तर शिक्षकांना त्याचा फार उपयोग होईल.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका, कोथरूड, पुणे